सेंट एडिथची मिठी

३ जुलै

आज दुपारी रेव्हरंड जोआना दारातच उभी राहून सांगून गेली की आर्चडीकनसाहेब आमचं चर्च बंद करायच्या विचारात आहेत. आत ये म्हटलं तर आली नाही. बिचारीच्या गळ्यात सहा गावांची सहा चर्चं, चहा प्यायला वेळ कुठला! बिशपच्या वतीने चर्चच्या इमारतींचं सगळं हे आर्चडीकन बघतात. त्यांचं म्हणणं असं की सेंट एडिथमध्ये रविवारी जेमतेम पाच माणसं असतात, आणि त्यातला एडगर पेल तर ऑर्गन वाजवायला येतो, त्याला धरायचं की नाही हाही प्रश्नच. सप्टेंबरात सेंट एडिथच्या रविवारी, म्हणजे आमच्या चर्चच्या सणाला, ते स्वतः येऊन पाहणार आणि मग ठरवणार.

"येऊ दे की," मी म्हटलं. "त्याच दिवशी आमची मिठी असते. डोळे भरून बघू दे."

जोआना काहीतरी बोलणार होती, पण घड्याळ बघून निघालीच. हल्लीच्या पाद्र्यांमध्ये धडाडी नाही.

मी मात्र आजपासून ही वही सुरू केली आहे. लँगफोल्डचं चर्च कसं वाचलं हे पुढे कोणाला तरी लिहावं लागेल, तेव्हा टिपणं हाताशी असलेली बरी. माझ्या देखत कधी काही बंद पडलेलं नाही. शाळा बंद पडली ती मी मुख्याध्यापिकेच्या पदावरून निवृत्त झाल्यावर.

६ जुलै

बेत ठरला. चर्चचा इतिहास नव्याने लिहायचा, छान छापून घ्यायचा आणि आर्चडीकनच्या हातात ठेवायचा. सध्याची पुस्तिका कोणा कर्नलने लिहिलेली आहे आणि तिच्यात अर्धी पानं घंटांच्या वजनावर खर्च केली आहेत. अहो, जगात दुसऱ्या कुठल्या चर्चकडे ऑगस्टा पेनफ्रे आहेत? तेव्हाच्या रेक्टरची, म्हणजे इथल्या पाद्रीबाबांची, ही भाची. इथेच वाढली, तिसऱ्या बाकावर बसून प्रवचनाच्या वेळी पेन्सिलीने खरडायची (खुणा अजून आहेत, मी पॉलिश लावू देत नाही), आणि सव्वाशेहून जास्त वर्षं जग जी वाचतंय ती कादंबरी तिने इथे, रेक्टरच्या बंगल्यात लिहिली. गावात त्या कादंबरीला फक्त 'पुस्तक' म्हणतात. शेवटच्या प्रकरणात सगळं गाव हातात हात घालून चर्चभोवती कडं करतं, चर्चला कवेत घेतं, आणि वैर धरलेली दोन घराणी त्या कड्यात शेजारी शेजारी येतात. मी अजून रडल्याशिवाय ते प्रकरण संपवू शकलेले नाही, आणि मी काही रडूबाई नव्हे.

तीच आमची मिठी. हजार वर्षांपूर्वीच्या सॅक्सन लोकांपासून चालत आलेली. पेनफ्रेबाईंनी पाहिली आणि अमर केली.

आता खरं लिहायचं तर गेली काही वर्षं कडं पुरं होत नाही. माणसंच नाहीत. गेल्या वर्षी उत्तरेच्या बाजूला आम्ही कपडे वाळत घालायची दोरी धरली. उत्तरेला नुसत्या खाजकुइल्या वाढल्यात, तिथे जाऊन कोण बघतंय म्हणा.

११ जुलै

मंडळाची बैठक. जोआना, एडगर, मी, आणि मिसेस पॉली, ज्या झोपल्या होत्या.

जोआना म्हणाली, "या वर्षी सगळ्या गावालाच बोलावू या ना. चॅपलवाले, पबमधले, सगळे."

मी तिला समजावून सांगितलं की मिठीत उभं राहायचं ते चर्चच्या यादीत नाव असलेल्यांनी. जुना नियम आहे. त्यांचं, त्या मेथडिस्ट पंथाचं, चॅपल समोर आहे, त्यांनी त्याला मिठी मारावी, कोण नको म्हणतंय?

"नियम लिहिलाय कुठे?" एडगरने विचारलं.

"जुन्या गोष्टी लिहीत नसतात, एडगर. पाळत असतात."

एडगरने चष्मा पुसला. त्याला काही बोलायचं नसलं की तो चष्मा पुसतो. आजकाल त्याची काच फार स्वच्छ असते.

मग जोआनाने हळूच डल्सी हॅडोचं नाव काढलं. डल्सी म्हणजे 'प्लाऊ' पबची मालकीण. म्हणे ती तिच्या गिऱ्हाइकांना घेऊन यायला तयार आहे. मी म्हटलं, डल्सी स्वतःच चर्चमध्ये पाऊल टाकत नाही तीन वर्षं, ती काय माणसं आणणार! आणि का टाकत नाही? तर ईस्टरला तिने केलेल्या पुष्परचनेतल्या दोन लिली मी जरा डावीकडे सरकवल्या. दोनच. लोक बघत होते म्हणून काय झालं? लिली वाकड्या होत्या.

१९ जुलै

इतिहास झपाझप चाललाय. नॉर्मन कमान झाली, टॉवर झाला, क्रॉमवेलच्या शिपायांनी रंगीत काचा फोडल्या ते झालं (एक सेंट एडिथचा हात तेवढा वाचला, तो आता भलत्याच खिडकीत एका मेंढीच्या डोक्यावर बसवलाय). व्हिक्टोरियाच्या काळात कोणा शहाण्याने फरशी बदलली ते चार ओळींत उरकलं.

अडलंय ते मिठीपाशी. सॅक्सन म्हणायला काहीतरी आधार हवा, आणि कुठल्याच जुन्या दप्तरात तिचा उल्लेख नाही. एडगर म्हणतो, हे जरा विचित्र नाही का वाटत? मुळीच नाही. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती कोणी लिहून ठेवत नाही. तू रोज दात घासतोस हे लिहून ठेवतोस का? त्याने चष्मा पुसला.

तरी पुरावा हवाच. जिवंत माणसाचा शब्द घेते. थर्झा मॉट अजून आहेत. शंभरीला टेकल्यात, पण त्यांची आजी रेक्टरच्या बंगल्यात स्वयंपाकघरात कामाला होती, खुद्द बाईंच्या काळात. त्यांचा फोटो आणि 'माझी आजी सांगायची' असं दोन ओळींचं काही. झालं काम.

४ ऑगस्ट

आज वृद्धाश्रमात थर्झांकडे गेले. झालं ते जसंच्या तसं लिहिते.

त्या शब्दकोडं सोडवत होत्या. शाईने. मी जिंजर केक नेला होता तो त्यांनी आधी हुंगून बघितला.

मी विचारलं, "थर्झा, तुमच्या आजीने मिठी कितव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली?"

"पहिल्यांदा? अगं पोरी, पहिल्यांदा झाली तेव्हाच पाहिली."

"म्हणजे आजीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा."

"नाही. मिठीच पहिल्यांदा झाली तेव्हा. त्याआधी कुठे होती?" आणि केकचा तुकडा चहात बुडवून, अगदी बाजारहाट सांगावा तसं त्या सांगायला लागल्या. बाईंनी ती मिठी मनाने रचली होती. पुस्तकाला शेवट हवा होता म्हणून. मग पुस्तक गाजलं आणि आगगाडीने बायका यायला लागल्या, टोप्या घालून, काखेत पुस्तक. स्टेशनपासून चिखलातून चालत यायच्या आणि रेक्टरच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, मिठी कोणत्या रविवारी असते हो?

"आणि रेक्टर म्हणजे गायीसारखा माणूस. इतक्या लांबून आलेल्या, बूट भिजलेल्या बायांना 'असलं काही नसतं' म्हणून कसं सांगायचं? तोंडातून निघून गेलं, 'सप्टेंबरात.' आता सप्टेंबरात म्हटल्यावर करणं आलं ना!"

"पण... गावाने ऐकलं?"

"गावाला काय, करमणूक. चर्चची माणसं पुरेनात म्हणून चॅपलवाले घेतले, पबातले ओढून आणले, बिअरला लागणारे हॉप तोडायला आलेले मजूर घेतले, तरी पुरेना तेव्हा त्या टोपीवाल्या बायाच उभ्या केल्या कड्यात. आणि पुस्तकवाली बाई दगडावर बसून पोट धरून हसत होती, आजी सांगायची. हसता हसता रडायला लागली, मग उठली आणि दोन मजुरांच्या मध्ये जाऊन उभी राहिली."

मी म्हटलं, आजीला नीट आठवत नसेल. थर्झा म्हणाल्या, "असेल बाई," आणि राहिलेलं कोडं पुरं केलं.

५ ऑगस्ट

म्हातारीला भ्रम झालाय.

६ ऑगस्ट

भ्रम झालेली माणसं शाईने शब्दकोडी सोडवत नाहीत. आणि बरोबर तर मुळीच नाही. मी वाकून बघितली होती सगळी उत्तरं.

८ ऑगस्ट

एडगरकडे गेले. त्याच्या बागेतल्या बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तो उडेल. तो शेंगा सोलत राहिला.

"तुला माहीत होतं!"

"होय."

"कधीपासून?"

"लहानपणापासून, हेस्टर. इथे सगळ्यांनाच माहीत आहे."

सगळ्यांना! रॅल्फलासुद्धा? एडगर म्हणाला, रॅल्फला तर अर्थातच. माझा नवरा इथे जन्मला, इथे वारला, बेचाळीस वर्षं माझ्याशेजारी झोपला आणि एका शब्दाने बोलला नाही. मी यॉर्कशायरहून लग्न करून आले तेव्हा पहिल्याच सप्टेंबरात मी सगळ्यांना सॅक्सन लोकांबद्दल सांगत सुटले होते म्हणे.

"मग कोणीच का नाही बोललं?"

एडगर लाल झाला. "तू इतकी खूश होतीस. कसं सांगणार? आणि मग उशीर झाला. दोनतीन वर्षांनी सांगणं बरं दिसलं नसतं."

"चाळीस वर्षं!"

"तेव्हा तर मुळीच बरं दिसलं नसतं."

मी अशी संतापले की शेंगांची अख्खी टोपली सोलून टाकली. या गावातली माणसं म्हणजे! घराला आग लागली तरी शेजाऱ्याच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत थांबतील, मग दार वाजवतील. आमच्या यॉर्कशायरात तोंडावर सांगतात.

निघताना एडगर म्हणाला, "मी दरवर्षी तुझ्यासाठीच उभा राहायचो त्या कड्यात." त्याला गुडघेदुखी आहे, उभं राहणं सोपं नाही, तेव्हा हे त्याच्या परीने मोठंच. चांगला माणूस आहे.

१० ऑगस्ट

दोन दिवस पुस्तिकेकडे बघवलं नाही. चर्चमध्ये जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. मनात आलं, एवढं सगळं खोटं असेल तर बंद करा एकदाचं. हेही लिहून ठेवते, कारण तसं खरंच वाटलं.

मग उठले, कारण बसून काय होणार. विचार सरळ करून पाहिला. मिठी जुनी नाही, तर नियमही जुना नाही. नियम नाही, तर यादी कसली? पहिल्या मिठीत चॅपलवाले होते, पबवाले होते, ज्यांची ओळखदेख नाही असेही होते. मग या वर्षी असायलाच हवेत. उलट तेच अस्सल! जोआनाला फोन करून सांगितलं की सगळ्या गावाला बोलवायची एक नवीन कल्पना मला सुचली आहे. ती म्हणाली, "फारच छान कल्पना आहे, हेस्टर."

१२ ऑगस्ट

'प्लाऊ'मध्ये गेले. आत शिरल्याबरोबर सगळ्या माना वळल्या. कोणीतरी भिंतीवरच्या चकतीवर बाण टाकत होतं ते हात वर धरूनच थांबलं.

डल्सी गल्ल्यामागे ग्लास पुसत होती. "अरे वा, राणीसरकार! फुलं वाकडी दिसली का आमची?"

"तुझ्याशी काम आहे."

"काम म्हणजे काम घेऊन आलीस, की हुकूम घेऊन आलीस?"

मी सरळ सांगितलं. मिठी हवी, पुरी हवी, दोरी न लावता हवी, नाहीतर चर्च जाईल. "तुझी माणसं आण. चर्च गेलं तर कोणाचंच राहणार नाही. तुझी आईही तिथेच पुरलेली आहे, उत्तरेच्या भिंतीशी."

डल्सीने ग्लास खाली ठेवला. "उत्तरेला? जिथे तू कधी जात नाहीस? मी जाते, दर सोमवारी. खाजकुइल्या कोण उपटतं तिच्या दगडाभोवतीच्या?"

मला हे माहीत नव्हतं. कोणी सांगेल तर ना!

"येईन," ती म्हणाली. "पण त्या रविवारी फुलं मी करणार. लिली कुठे ठेवायच्या, बाईसाहेब?"

सगळा पब ऐकत होता.

"तुला हव्या तिथे," मी म्हटलं.

तिने न विचारता माझ्यासमोर नासपतीच्या दारूचा ग्लास ठेवला. मी प्याले. बरीच कडक असते ती.

२ सप्टेंबर

पुस्तिका छापून आली. खरं तेच छापलं आहे: मिठी पुस्तकातून आली, संकोचापोटी आली, आणि टिकली. एडगरने वाचून विचारलं, आर्चडीकनच्या हातात हे द्यायचं? प्राचीन प्रथा म्हणून चर्च वाचायची जी एक आशा होती ती तू स्वतःच खोडलीस की. मी म्हटलं, खोटं बोलून वाचवलेलं चर्च मला सांभाळता येणार नाही. हिंडत राहीन तिथे आणि अपचन झाल्यासारखं वाटेल.

पण आज पहिल्यांदा असं वाटलं की जमलं नाही तर?

सेंट एडिथचा रविवार

आत्ताच घरी आले, कोटही न काढता लिहितेय, अक्षर बघा.

आर्चडीकनसाहेब आले. उंच, सर्दी झालेले. पहिल्यांदा त्यांनी गटारं पाहिली, मग छप्पर, मग माणसं मोजल्यासारखी नजर फिरवली. आणि माणसं होती! डल्सी तिचा सगळा पब घेऊन आली, बाण टाकणारे धरून. चॅपलचे कारभारी गॉर्डन टिली टाय लावून, मागे त्यांची सगळी मंडळी. थर्झा चाकांच्या खुर्चीतून. पुस्तक वाचून येणाऱ्यांची एक बसही आली. मी बाहेर उभी राहून ओरडून सगळ्यांना जागा दाखवत होते. कोणीतरी बाहेर राहायला हवंच, नाहीतर कडं वाकडं होतं.

पश्चिम झाली, दक्षिण झाली, पूर्व झाली. मी धावत उत्तरेला गेले. तिथे गवत कापलेलं होतं, आणि डल्सी तिच्या आईच्या दगडापाशी उभी होती, एक हात गॉर्डन टिलींच्या हातात. दुसरा हात मोकळा. पलीकडे एडगर, त्याचाही एक हात मोकळा. मधे एक माणूस मावेल एवढी फट.

"एक कमी पडतंय!" मी ओरडले. "कोणीतरी आणा रे! दक्षिणेकडून एक सोडा!"

"अगं बये," डल्सी म्हणाली, "तू काय माणूस नव्हेस?"

या चाळीस वर्षांत मी मिठी नेहमी बाहेरूनच पाहिली होती. नीट होतेय की नाही बघायला. मी जाऊन मधे उभी राहिले. डल्सीचा हात साबणाने खरखरीत, एडगरचा घामेजलेला. गाणं सुरू झालं आणि मी रडले. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. उद्या मी नाकबूल करीन म्हणून आज लिहून ठेवते.

नंतर आर्चडीकननी विचारलं, "फारच हृद्य. किती जुनी प्रथा ही?"

"जुनी नाही, साहेब. मुळात खोटी. लोकांना नाही म्हणवेना म्हणून सुरू झाली." आणि पुस्तिका दिली.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचली. मग म्हणाले, "आणि एरवी रविवारी?"

"पाच," मी म्हटलं. "एडगर धरून."

तेव्हा गॉर्डन टिली पुढे आले. टोपी हातात पिरगाळत होते. म्हणाले, चॅपलचं छप्पर तीन वर्षं गळतंय, दुरुस्ती झेपत नाही, सेंट एडिथमध्ये आम्हालाही प्रार्थनेला जागा मिळेल का, आळीपाळीने? बरेच दिवस विचारायचं होतं, पण मिसेस गॅरडना कसं विचारावं ते समजेना.

कमाल आहे! मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. जोआनाला का कोण जाणे एकदम खोकला आला.

२१ सप्टेंबर

जोआना आली आणि चक्क आत येऊन बसली. सेंट एडिथ बंद होणार नाही. चॅपलवाले आणि आम्ही मिळून चालवायचं. आर्चडीकनसाहेबांनी पुस्तिकेच्या आणखी प्रती मागवल्यात. मी म्हटलंच होतं.

२८ सप्टेंबर

आज चर्चमध्ये पितळ घासत होते तर एक बाई आत आल्या. माझ्याच वयाच्या, पाठीला पिशवी, पायाला पट्टी. न्यूझीलंडहून आल्या होत्या. बहिणीबरोबर यायचं ठरलं होतं, लहानपणी दोघी एकाच पांघरुणात बसून पुस्तक वाचायच्या. बहीण मे महिन्यात गेली. म्हणून एकट्याच आल्या, आणि मिठी दोन आठवड्यांनी चुकली.

मी त्यांना तिसरं बाक दाखवलं. त्या पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "आणि मिठीनंतर तुम्ही टॉवरवरून सफरचंदं टाकता ना, पुस्तकातल्यासारखी? माझ्या बहिणीला तो भाग सगळ्यात आवडायचा. ती म्हणायची, एक तरी झेलीन."

आमच्याकडे टॉवरवरून कधी कोणी काही टाकलेलं नाही. त्यांचा चेहरा माझ्याकडे वर करून होता. पुस्तिका टेबलावर होती, तिच्यात सगळं खरं छापलेलं होतं, हात लांब केला की मिळाली असती.

"टाकतो तर," मी म्हटलं. "दर वर्षी. तुम्ही पुढच्या सप्टेंबरात या, मी तुम्हाला बरोबर टॉवरखाली उभं करते."

त्या येणार आहेत. तारीख लिहून घेतली त्यांनी.

तशीच 'प्लाऊ'त गेले आणि डल्सीला सांगितलं. ती म्हणाली, "वरून सफरचंदं? डोकी फुटतील ना गं लोकांची!" मग जरा विचार करून म्हणाली की सफरचंदाचे तुकडे घालून मऊ पाव करता येतील, छोटे छोटे, ते लागणार नाहीत. गॉर्डन टिलींची बायको चांगले करते. टॉवरवर चढायला एडगर लगेच तयार झाला, पण त्या पायऱ्या म्हणजे जिवावरचं काम आहे आणि त्याच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. उद्या सकाळीच त्याला डॉक्टरकडे नेते.